बूट होणारी सीडी

माझ्या थोरल्या दिरांना घरात 'एक्स्पर्ट' म्हणतात. ही पदवी त्यांना नेमकी कुणी दिली ते कुणालाच आठवत नाही, तेव्हा ती त्यांनी स्वतःच घेतली असणार. पोटापाण्यासाठी ते पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत साहेब आहेत. पण पंपाबद्दल त्यांना कुणी काही विचारलेलं मी ऐकलं नाही, आणि कॉम्प्युटरबद्दल कुणी विचारलं नाही तरी ते सांगितल्याशिवाय राहिले नाहीत.

आमचं घर दुमजली. वर भाऊजी आणि जाऊबाई, खाली मी आणि माझा नवरा, मागच्या खोलीत सासरे. घरात कॉम्प्युटर तीन. एक वर, एक बाबांकडे म्हणजे सासऱ्यांकडे, आणि एक माझा. नवऱ्याचा लॅपटॉप ऑफिसचा, तो घरच्या कुठल्याच भानगडीत नसतो. लॅपटॉपही नसतो आणि नवराही नसतो.

माझा कॉम्प्युटर हा माझ्या कामाचा. मी बूट आखते. दुकानात मिळतात तसले नाहीत. ज्यांचे दोन पाय एकमेकांसारखे नाहीत अशा माणसांसाठी लागतात तसले. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल आत वळलेलं, कुणाचा अपघातात घोटा गेलेला. कारखान्यातून मापं येतात, पायाची रेघ ओढलेला कागद येतो, त्यावरून मी तळ आणि वरचं चामडं कसं कापायचं त्याचे आराखडे काढते. कारखान्यातले मिस्त्री त्याप्रमाणे कापतात आणि कापून झालं की कागद फेकून देतात, कारण आराखडा माझ्याकडे असतोच. पुढच्या वेळी तोच उघडायचा, पाय बदलला असेल तेवढी रेघ बदलायची. एकेका माणसाचं पाऊल वर्षानुवर्षं कसं सरकत गेलं ते सगळं माझ्याकडे होतं.

होतं, असंच म्हणायला हवं.

एका शनिवारी भाऊजी कोऱ्या सीडींचा एक गोल डबा घेऊन घरी आले. शेजारच्यांच्या कॉम्प्युटरमधले मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो उडाले होते आणि ती बातमी भाऊजींच्या चेहऱ्यावर एखादं बक्षीस लागल्यासारखी झळकत होती.

"आपल्या घरात असं होणार नाही," ते म्हणाले. "मी बूट होणाऱ्या सीडी बनवतोय. प्रत्येक कॉम्प्युटरला एक."

बाबांनी पेपरमधून मान वर केली. "बूट तर ही करते. तू कशाला?"

"बाबा, बूट म्हणजे कॉम्प्युटर सुरू होणं."

"मग सुरू होणं म्हण ना."

भाऊजींनी मग आम्हाला उभं करून शिकवलं. सीडी घालायची आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा. म्हणजे तो आपल्या नेहमीच्या डिस्कवरून न उठता सीडीवरून उठतो. मग त्याच्या डिस्कवर जे जे आहे त्याची जशीच्या तशी नक्कल वायरीतून जिन्याखालच्या मशीनमध्ये पाठवायची. जिन्याखाली, झाडू आणि जुन्या छत्र्यांच्या शेजारी, त्यांनी एक जुनाट कॉम्प्युटर मोठी डिस्क टाकून बसवला होता. त्याला ते 'तिजोरी' म्हणत. उद्या कुणाचा कॉम्प्युटर मेला तर तीच सीडी घालायची, नक्कल उलट दिशेने आणायची, आणि कॉम्प्युटर होता तसा उठून बसणार.

कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. वाईट ती कुणाच्या हातात पडली ते होतं.

पहिल्या खेपेच्या सीडी उठल्याच नाहीत. भाऊजींनी इंटरनेटवरून उतरवून घेतलेली फाइल सीडीवर नुसती ठेवून दिली होती. ती उलगडून लिहायला लागते हे त्यांच्या गावीही नव्हतं. कॉम्प्युटर सीडीकडे ढुंकूनही न बघता आपला रोजच्यासारखा सुरू व्हायचा. भाऊजींनी सीडीच्या कंपनीला शिव्या घातल्या, मग दुकानदाराला, मग विजेच्या दाबाला. सोफ्यावर, टेबलावर, चहाच्या कपांखाली, जिकडे तिकडे चकचकीत मेलेल्या सीडी. जाऊबाई एकेक उचलून पिशवीत टाकत आणि म्हणत, "ह्यांची चिकाटी बघा." जाऊबाई शाळेत गाणं शिकवतात. बेसूर पोरांचंही कौतुक करायची त्यांना सवय आहे.

शेवटी एकदाची सीडी उठली. कशी उठली ते भाऊजींनी सांगितलं नाही. "लॉट खराब होता," एवढंच. मग दोन संध्याकाळी लेबलं छापण्यात गेल्या. गोल लेबल, त्यावर ढालीचं चित्र, खाली वळणदार अक्षरात कॉम्प्युटरच्या मालकाचं नाव. सीडीपेक्षा लेबलावर जास्त मेहनत झाली होती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यानंतर दर रविवारची सकाळ कॉम्प्युटरांच्या नावानं लागली. आधी माझा, मग बाबांचा पेपर वाचून झाला की त्यांचा, शेवटी वरचा. त्या वेळात कुणी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. भाऊजी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसत. एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत जाई आणि ते तिच्याकडे, ती आपण स्वतः ढकलतोय अशा चेहऱ्यानं बघत. 'पूर्ण झाले' असं आलं की पाठीला ताण देत उठत. "चला, अजून एक आठवडा सुरक्षित!"

मी एकदा म्हटलं, "भाऊजी, एकदा उलटं आणून बघू या का? म्हणजे खरंच परत येतंय का ते कळेल."

त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "अगं, पॅराशूट नीट आहे का हे बघायला कुणी विमानातून उडी मारतं का?"

नवरा हसला. बाबाही हसले. मला म्हणायचं होतं की पॅराशूट बनवणारे मारतात म्हणून. पण तोवर भाऊजींनी आपलं वाक्य वर जाऊन जाऊबाईंना ऐकवलंही होतं.

माझ्याकडे तेव्हा एक पेनड्राइव्ह होता. रोजचं काम संपलं की मी आराखडे त्यावर उतरवून ठेवायची. भाऊजींना तो दिसला. "हे काय, अजून पुरचुंडीत बांधून ठेवतेस? तिजोरी आहे ना घरात!" असं म्हणून त्यांनी तो उचलला, त्यावरचं सगळं पुसलं, पंपांचं कसलंसं प्रेझेंटेशन भरलं आणि ऑफिसला घेऊन गेले. मी दोनदा मागितला. तिसऱ्यांदा मागायला गेले तर नवरा म्हणाला, "एका पेनड्राइव्हसाठी कशाला वाद? दादा एवढं करतो सगळ्यांसाठी." दादा एवढं करतो, हे वाक्य आमच्या घरात पंख्यासारखं सतत डोक्यावर फिरत असतं.

असे कितीतरी रविवार गेले. मग एका कामाच्या दिवशी सकाळी माझा कॉम्प्युटर आतून टकटक करायला लागला, पडदा निळा झाला आणि पुन्हा काही केल्या उठेना. दुरुस्तीवाल्यानं डिस्क कानाला लावली, डॉक्टरसारखा चेहरा केला आणि म्हणाला, "ही गेली. नवी टाकून देतो. आतलं काही मिळायचं नाही. बॅकअप आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. चक्क ऐटीत म्हटलं, आता आठवलं की माझाच मला राग येतो.

भाऊजींना फोन केला तर ते ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी काढून आले. आयुष्यभर ज्या आगीची वाट बघितली ती अखेर लागली म्हटल्यावर बंबवाल्याला जसं होत असेल, तसं त्यांचं झालं होतं. हात धुतले. बाबांना हाक मारली. जाऊबाईंना शाळेतून आल्या आल्या खाली बोलावलं. नवऱ्याला फोनवर सांगितलं, "लवकर ये, बघण्यासारखं आहे." माझ्या खोलीत खुर्च्या मांडल्या गेल्या.

ढालीचं लेबल असलेली, माझ्या नावाची सीडी आत गेली. कॉम्प्युटर सीडीवरून उठला. भाऊजींनी दिशा उलटी केली, आमच्याकडे एकदा मान वळवून बघितलं आणि बटण दाबलं. हिरवी पट्टी सरकू लागली. जेवणं झाली, चहा झाला, बाबांची एक डुलकी झाली. मधूनमधून भाऊजी म्हणत, "दुसरं कुणी असतं तर आज रडत बसलं असतं."

'पूर्ण झाले.' सीडी बाहेर आली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला.

पडद्यावर धरण दिसलं.

बाबा नोकरीत असताना ज्या धरणावर होते, ते. त्यावर उजव्या कोपऱ्यात पत्त्यांचा खेळ, आणि खाली ओळीनं फाइली: 'पाणी खाते तक्रार १', 'पाणी खाते तक्रार २', 'स्मरणपत्र', 'स्मरणपत्र कडक भाषेत'.

"हा तर माझा!" बाबा खुर्चीतून पुढे वाकून म्हणाले. त्यांना जुना मित्र भेटल्यासारखा आनंद झाला होता.

भाऊजींनी माऊस इकडे फिरवला, तिकडे फिरवला. मग म्हणाले, "तू चुकून बाबांची सीडी दिलीस."

मी बाहेर आलेली सीडी उचलून त्यांच्यासमोर धरली. लेबलावर माझं नाव, वळणदार अक्षरात.

"मग तिजोरीतून आणताना काहीतरी..." ते उठून जिन्याखाली गेले. मीही मागोमाग गेले. झाडू बाजूला करून त्यांनी तिजोरीचा पडदा लावला. आत तीन कप्पे असायला हवे होते. दोनच होते. एक वरच्या कॉम्प्युटरचा आणि एक बाबांचा.

मी परत येऊन ती सीडी बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये नुसती उघडून बघितली. नक्कल तिजोरीत कुठल्या कप्प्यात टाकायची ते सांगणारी एक छोटी फाइल तिच्यावर होती. त्यात बाबांच्या कप्प्याचं नाव होतं. बाबांची सीडी आधी तयार झाली. माझी करताना भाऊजींनी तिचीच नक्कल मारली, आणि बदललं काय, तर लेबल. दर रविवारी माझं सगळं काम इमानेइतबारे बाबांच्या कप्प्यात जाऊन पडत होतं, आणि तासाभरात त्याच्यावर पाणी खात्याच्या तक्रारी येऊन बसत होत्या.

"भाऊजी," मी म्हटलं, "माझा बॅकअप कधी झालाच नाही."

"असं कसं म्हणतेस? झाला ना. दर रविवारी झाला." त्यांनी चष्मा पुसला. "टेक्निकली बॅकअप झालाच होता. फक्त राहिला नाही."

हे वाक्य म्हणताना त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की मला क्षणभर हसू आलं. मग हसू गेलं. पावलं आठवायला लागली, एकामागून एक. आत वळलेली, चपटी, टाच उचललेली.

नवरा म्हणाला, "होतं असं. जाऊ दे ना. दादानं मुद्दाम थोडंच केलं?"

"मुद्दाम केलं असतं तर निदान बघून तरी केलं असतं," मी म्हटलं.

बाबा दारातून पुढे आले. "वाईट झालं गं," ते म्हणाले. "माझं असं झालं असतं तरी चाललं असतं. मी सगळी पत्रं छापून कपाटात ठेवतो."

"सगळी?" भाऊजींनी विचारलं.

"पहिल्यापासून. तुझ्या त्या तिजोरीचं मला काही कळत नाही, म्हटलं आपलं कागदावर असावं."

तेवढ्यात जाऊबाई हळूच म्हणाल्या, "माझी मुलांची गाणी पण शाळेतल्या कॉम्प्युटरवर असतात. ठेवते मी दर महिन्याला तिथे उतरवून."

भाऊजींनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू भर सभेत त्यांच्या कोटाची शिवण उसवली होती. "म्हणजे तुझा विश्वासच नव्हता?"

"तसं नाही हो." जाऊबाई गोंधळल्या, आणि गोंधळली की माणसं खरं बोलतात. "तुम्ही पण तुमचे फोटो ऑफिसच्या मशीनवर ठेवताच की. मला वाटलं, तसंच करायचं असतं."

आता मात्र कुणीच कुणाकडे बघेना. मी एकेकाकडे बघत होते. दर रविवारी ह्या माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे सगळे आपापलं सामान गुपचूप दुसरीकडे हलवून बसले होते. खुद्द एक्स्पर्टसुद्धा. एक्स्पर्टवर खरोखर विसंबून राहिलं होतं कोण, तर त्यांना शंका विचारून हसं करून घेतलेली मी. माझी दुसरी प्रत होती तीही त्यांनीच पुसून त्यावर पंप भरले होते.

मी कॉम्प्युटर बंद केला आणि म्हटलं, "खुर्च्या उचला आता. खेळ संपला."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, शिवी गिळली आणि जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावायला बसले. लोक पुन्हा यायला लागले. मी जमिनीवर बसून कागदावर पाय ठेवायला सांगायची आणि पेन्सिलीनं रेघ ओढायची. काम किचकट, पाठ मोडणारं. रेघ ओढताना मी मनातल्या मनात भाऊजींना जे काही बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एक निवृत्त खेळाच्या बाई होत्या, उजवा पाय आखूड असलेल्या. माझं सर्वात जुनं गिऱ्हाईक. त्यांनी बूट काढला तर आतून कापसाचा बोळा पडला.

"हे काय?"

"अंगठ्याशी लागतं जरा. बरेच दिवस झाले."

पाऊल कागदावर ठेवलं तेव्हा दिसलं, ते मला आठवत होतं त्यापेक्षा चांगलंच बाहेर वळलं होतं. "मग सांगितलं का नाही बाई?"

"तुम्ही कॉम्प्युटरवर काढलेलं असतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, कॉम्प्युटर कसा चुकेल? आपलाच पाय वाकडा असेल."

अशी आणखीही माणसं निघाली. कुणी बोळा घालत होतं, कुणी दोन मोजे, कुणी नुसतंच सोसत होतं. सगळ्यांचे पाय पुन्हा आखले आणि नवे बूट जुन्यांपेक्षा बरे झाले. हे मी घरी बोलायला नको होतं. पण नवऱ्याला सांगितलं, आणि त्यानं अर्थातच दादाला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात भाऊजींच्या ऑफिसातले एक साहेब सपत्नीक जेवायला आले. वाढता वाढता मी ऐकलं, भाऊजी सांगत होते, "आता हिचंच बघा. जुन्या मापांवर काम चाललं होतं वर्षानुवर्षं. मी सगळी सिस्टिम एकदा शून्यावर आणली. त्रास झाला थोडा, पण लोकांचे पाय सुधारले."

साहेबांनी कौतुकानं मान हलवली. नवरा ताटात बघत होता.

मी पातेलं खाली ठेवलं. "भाऊजी, एवढं चांगलं आहे तर तुमचा कॉम्प्युटरही शून्यावर आणू या. डिस्क पुसू आणि तुमच्याच सीडीनं परत आणू. पाहुण्यांनाही बघायला मिळेल."

"चालू कॉम्प्युटरवर कुणी प्रयोग करतं का?" ते हसले, पण हसू एका गालावरच राहिलं.

"फोटो ऑफिसात आहेतच की तुमचे."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. "ऑफिसात? घरचे फोटो ऑफिसच्या मशीनवर?"

मग भाऊजींनी घाईघाईनं पाण्याच्या दाबाचा विषय काढला. पंपांबद्दल बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं, आणि खोटं कशाला बोलू, त्यातलं त्यांना बरंच कळत होतं.

मी माझी सीडी स्वतः बनवली. अवघड नव्हतं. सूचना शेवटपर्यंत वाचायच्या, एवढंच कसब लागतं. कारखान्यातल्या एका पडीक कॉम्प्युटरवर नक्कल पाठवली, दुरुस्तीवाल्याकडून एक जुनी डिस्क आणून तिच्यावर ती परत आणली, आणि प्रत्येक आराखडा उघडून बघितला. सगळे होते. मग तिजोरीकडून माझ्या खोलीत येणारी वायर काढून गुंडाळली आणि वर नेऊन भाऊजींच्या दाराशी ठेवली.

"पुढे काही झालं तर माझ्याकडे येऊ नकोस," ते म्हणाले.

"नाही येणार," मी म्हटलं. एवढ्या मनापासून मी त्यांना कधीच काही कबूल केलं नव्हतं.

काही दिवसांनी, भाऊजी बाजारात गेलेले असताना, जाऊबाई खाली आल्या. "मला पण एक करून देशील? शाळेतला कॉम्प्युटर काढणार आहेत म्हणे." आम्ही दोघी वर गेलो. पोरांची गाणी दुरुस्तीवाल्याकडून आणलेल्या त्या जुन्या डिस्कवर उतरवली आणि परत आणून एकेक वाजवून बघितली. कुणी वरच्या पट्टीत किंचाळत होतं, कुणी मध्येच खोकत होतं. जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ह्यांना सांगायचं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही ठरवा."

त्यांनी नाही सांगितलं. रविवारी भाऊजी नवी लेबलं लावलेल्या सीडी घेऊन बाबांच्या खोलीत जातात, मग वर येतात आणि हिरव्या पट्टीसमोर बसतात. जाऊबाई त्यांच्या हातात चहा देतात आणि म्हणतात, "झालं का हो? बाई, किती किचकट काम हे!" इतक्या भक्तिभावानं, की मला खाली ऐकू येतं तेव्हा मीही थक्क होते. माझ्यात तेवढी कला नाही. मी दार लावून घेते आणि पाय आखायला बसते.